मीटरच्या 'स्लेव्ह आयडी'ला आता काय म्हणायचं?

शिरोलीचा_पॅनलवाला

मंडळी, एक सल्ला हवाय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी कोल्हापुरात पॅनल आणि ऑटोमेशनची कामं करतो. मामेभावाची फौंड्री आहे. इंडक्शन फर्नेस, कॉम्प्रेसर, शॉट ब्लास्टिंग, सँड प्लांट, प्रत्येकाच्या पॅनलवर एनर्जी मीटर. वीजबिल आलं की दर महिन्याला तेच भांडण, कुठल्या मशीननं किती खाल्लं? म्हणून २०१७ साली मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. सगळे मीटर आरएस-४८५ च्या दोन तारांवर माळेत ओवले, टोकाला एक रास्पबेरी पाय बसवला. तो दर दहा सेकंदांनी एकेका मीटरला विचारतो, 'किती झाले?' आणि आलेला आकडा लिहून ठेवतो. एवढंच. पेन ड्राइव्ह हरवायची सवय असल्यामुळे कोड गिटहबवर टाकला, तिथं कुणीही तो बघू, घेऊ शकतो. पुढं इचलकरंजीतल्या दोन लूमवाल्यांनी घेतला, मग कुठून कुठून लोक आले. आज जर्मनीतला एक गडी आणि ब्राझीलमधल्या एक बाई नेमानं पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवतात. मी त्यांना कधी पाहिलेलंही नाही.

मीटर मॉडबस बोलतात. मॉडिकॉन कंपनीनं १९७९ साली पीएलसीसाठी, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठी, काढलेली ही बोलायची पद्धत. विचारणारा तो मास्टर, उत्तर देणारे ते स्लेव्ह. स्लेव्हनं आपणहून तोंड उघडायचं नाही, विचारलं तरच बोलायचं. प्रत्येकाला १ ते २४७ मधला एक नंबर, तो स्लेव्ह आयडी. डिप्लोमाला हेच शिकलो, पंधरा वर्षं हेच बोलतो, पॅनलच्या दारामागं मार्करनं हेच लिहितो.

गेल्या आठवड्यात ब्राझीलच्या बाईंनी गिटहबवर इश्यू उघडला, म्हणजे एक तक्रारवजा सूचना टाकली. भांडखोर अजिबात नाही, दहा ओळींचा. त्या आमच्या स्क्रीनचं पोर्तुगीज भाषांतर करतायत. त्यांचं म्हणणं असं, की इंग्रजीत वाचताना तो शब्द यंत्राचाच वाटतो, अंगाला लागत नाही. पण आपल्या भाषेत उतरवला की पडद्यावर थेट 'एस्क्रावो', म्हणजे गुलाम, येतं. ब्राझीलमध्ये गुलामी कायद्यानं बंद झाली १८८८ साली, अमेरिका खंडात सगळ्यांत शेवटी. त्यांच्या पणजीची आई त्याआधी जन्मलेली, मळ्यावरची. तो शब्द आपल्या हातानं टाइप करायला जीवावर येतं, बदलू या का, असं विचारलंय.

खरं सांगतो, पहिल्यांदा कपाळाला आठी आली. कामं काय कमी आहेत? मग मी आमचं मराठी मॅन्युअल उघडलं, २०१९ मध्ये मीच लिहिलेलं. त्यात 'व्होल्टेज' मराठीत 'दाब' आहे, 'करंट'ला 'प्रवाह' आहे, 'टर्मिनेटिंग रेझिस्टर'लासुद्धा 'शेवटचा रोध' असं काहीतरी धेडगुजरी केलंय. फक्त 'स्लेव्ह आयडी' तेवढं तसंच. 'गुलाम क्रमांक' मी लिहिलं नव्हतं. का नव्हतं लिहिलं, ते तेव्हा मनात आलंही नसेल, पण हात तिथं अडखळला असणार.

बदलायला माझी हरकत नाही. अडचणी या आहेत. मीटरच्या स्क्रीनवरच 'स्लेव्ह आयडी' येतं, ते मी कसं बदलू? अकरा कारखान्यांत जुन्या कॉन्फिग फायली, म्हणजे सेटिंगच्या फायली, आहेत, त्यातले निम्मे लोक फोन उचलत नाहीत. आणि मॉडबसच्या संघटनेनं जुलै २०२० मध्ये जे नवे शब्द दिले, क्लायंट आणि सर्व्हर, त्यात आमची वेगळीच पंचाईत. त्या हिशोबानं तळहाताएवढा मीटर झाला सर्व्हर आणि त्याला विचारणारा कॉम्प्युटर झाला क्लायंट. आमच्या वायरमनला सांगितलं की 'सर्व्हर बंद आहे, बघून ये', तर तो ऑफिसात एसीखाली जाऊन उभा राहील.

कुणी असा बदल केलाय का? कसा केलात?

---

मेन_नव्हे_मास्टर

पॅनलवाले, उगाच नादी लागू नका.

मराठी माणसाला 'मास्टर' म्हटलं की शाळेतले मास्तर आठवतात, टेलर मास्तर आठवतात, स्टेशन मास्तर आठवतात. हंटर घेतलेला गोरा आठवत नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात, मुख्य ब्रांचला 'मास्टर' हा शब्द २००५ साली ज्यानं निवडला, त्या पेत्र बाउदिशनं स्वतःच पुढं सांगितलं की डोक्यात ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत, मास्टर रेकॉर्डिंग, असली काहीतरी कल्पना होती. तरी १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबवर नव्या प्रकल्पांच्या मुख्य ब्रांचला 'मेन' आलंच. आमच्या टीमचे दोन दिवस सीआयच्या, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या, स्क्रिप्टा दुरुस्त करण्यात गेले. त्यानं कुणाचं काय भलं झालं? अमेरिकेत मिनियापोलिसमधल्या पोलिसानं जॉर्ज फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस मारला आणि पिंपरीतल्या मी ब्रांचचं नाव बदललं. यातला संबंध मला अजून कळलेला नाही.

नाव बदलणं फुकट असतं, म्हणून कंपन्या ते आनंदानं करतात. नोकऱ्या द्या म्हटलं की गप्प.

बाईंच्या भाषांतराचा मुद्दा मात्र वेगळा आहे, तो मान्य. त्यांनी पोर्तुगीजमध्ये हवा तो शब्द घालावा. कोडला हात कशाला?

---

शिरोलीचा_पॅनलवाला

कोडला हात लागतोच हो. कॉन्फिग फायलीतली किल्ली, म्हणजे सेटिंगचं नाव, इंग्रजीतच असते, आणि ती त्यांनाही टाइप करावी लागते.

बाकी ब्रांचचं म्हणाल तर आमची ब्रांच अजून 'मास्टर'च आहे. त्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही.

---

रेप्लिका_ताई

मी पुण्यात डेटाबेस सांभाळते, रात्री तीनचे फोन घेणारी जमात. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खोडते.

'हे २०२० चं खूळ' असं समजू नका. लॉस एंजेलिस काउंटीच्या खरेदी खात्यानं २००३ मध्येच पुरवठादारांना पत्र लिहिलं होतं की यंत्रांवर मास्टर-स्लेव्हची लेबलं नकोत. तेव्हा जग हसलं. वेबसाइट बनवायच्या जँगो या साधनानं २०१४ मध्ये बदल केला, आधी लीडर-फॉलोअर केलं आणि लगेच प्रायमरी-रेप्लिकावर आले. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत २०१८ साली बराच वाद झाला, शेवटी तिचे जनक गिडो व्हॅन रॉसमना निवृत्तीतून येऊन निकाल द्यावा लागला. त्याच वर्षी रेडिस या डेटाबेसच्या ५.० मध्ये 'रेप्लिकाऑफ' ही आज्ञा आली, आणि जुनी 'स्लेव्हऑफ' चालूच ठेवली. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, पुढं त्यावरच बोलायचंय.

आणि एक. आमच्या धंद्यात 'रेप्लिका' हा शब्द 'स्लेव्ह'पेक्षा सरळ सरळ चांगला आहे. ती मूळ डेटाबेसवरून सतत उतरत राहणारी प्रत आहे, नोकर नाही. नव्या मुलीला समजावताना एक वाक्य कमी लागतं. त्यामुळे कुणाच्या भावना वगैरे बाजूला ठेवल्या तरी मी बदलाच्या बाजूनं.

आता कसा करायचा. माझीच फजिती सांगते. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रत किती मागे आहे ते बघायला 'शो स्लेव्ह स्टेटस' होतं, ८.०.२२ पासून 'शो रेप्लिका स्टेटस' आलं. मी शहाणी, सगळ्या स्क्रिप्टांत आज्ञा बदलून टाकली. पण नव्या आज्ञेबरोबर उत्तरातल्या रकान्यांची नावंही बदलतात. आधी 'सेकंड्स बिहाइंड मास्टर' यायचं, आता 'सेकंड्स बिहाइंड सोर्स' येतं. माझी स्क्रिप्ट जुना रकाना शोधत राहिली. तो सापडला नाही की मिळायची रिकामी ओळ, आणि रिकाम्या ओळीला तिनं शून्य धरलं. म्हणजे रेप्लिका शून्य सेकंद मागे! सगळं हिरवंगार. प्रत्यक्षात ती चार तास अडकून पडली होती. हे कळलं तेव्हा हिशोब खात्यातला एक जण माझ्या टेबलाशी उभा होता, कालच्या तारखेचा रिपोर्ट हातात घेऊन. बोलला काही नाही. कागद ठेवून गेला.

आज्ञा चुकली असती तर स्क्रिप्ट ओरडली असती. रकाना चुकला, ती गप्प बसली. नाव बदलताना भीती या गप्प बसणाऱ्या जागांची.

मोठ्यांचंही असंच होतं. रेडिट १४ मार्च २०२३ ला ३१४ मिनिटं बंद होतं. ३.१४ वरून १४ मार्चला पाळतात त्या पाय डेला ३१४ मिनिटं, हा योगायोग त्यांनाही हसवून गेला. अनेक सर्व्हरांचा संच (क्लस्टर) सांभाळणारं कुबरनेटीस हे सॉफ्टवेअर १.२३ वरून १.२४ वर नेत होते. क्लस्टर चालवणाऱ्या नोडांवर, म्हणजे त्यातल्या सर्व्हरांवर, पूर्वी 'मास्टर' असं लेबल असायचं. १.२० पासून त्याच्या जोडीला 'कंट्रोल प्लेन' हे लेबल आलं आणि १.२४ मध्ये 'मास्टर' गेलं. अगदी रीतसर, वर्षभराहून जास्त आधी सांगून. पण त्यांच्या नेटवर्कचं एक जुनं सेटिंग 'ज्यावर मास्टर लिहिलंय तो नोड शोध' असंच म्हणत होतं. तसा नोडच उरला नाही, मार्ग सांगणारं कुणी राहिलं नाही, आणि शेवटी बॅकअपवरून क्लस्टर उभा करावा लागला. हे त्यांनी स्वतः सविस्तर लिहिलंय, झाकलं नाही, त्याचं कौतुक.

पॅनलवाले, तुमच्यासाठी: जुनी किल्ली वाचा, नवी किल्ली लिहा. जुनी दिसली की लॉगमध्ये एक ओळ छापा. दोन्ही दिसल्या आणि आकडे वेगळे निघाले तर प्रोग्रॅम थांबवा, स्वतःच्या मनानं एक निवडू नका. आणि जुनी कधी काढणार ते आजच लिहून ठेवा. मायएसक्यूएलनं जुन्या आज्ञा २०२४ च्या ८.४ मध्ये काढल्या, म्हणजे चारेक वर्षं दिली. अकरा कारखान्यांना तेवढी नकोत.

---

कर्नल_कधीतरी

एक भर. लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, कोड लिहायच्या नियमांत जुलै २०२० ला हेच आलं, लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्सनी ५.८ मध्येच घेतलं. नव्या नावांत मास्टर-स्लेव्ह आणि ब्लॅकलिस्ट-व्हाइटलिस्ट नको. पण वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमशी जुळणारी जुनी नावं आणि ठरलेल्या स्पेसिफिकेशनमधून आलेली नावं यांना सूट. मीटरच्या स्क्रीनवरचा शब्द त्या सवलतीत बसवा आणि मोकळे व्हा.

हार्डवेअरमध्येही चाललंय हे. चिप एकमेकींशी बोलतात त्या आयटूसी पद्धतीच्या २०२१ च्या स्पेसिफिकेशनमध्ये मास्टर-स्लेव्हच्या जागी कंट्रोलर आणि टार्गेट आलं.

---

समतानगर_४१६

मी सहसा इथं नुसता वाचतो. 'यातला संबंध कळला नाही' हे वाचून लिहावंसं वाटलं. राग नाही, भाऊ.

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जो पत्ता आहे त्यात गावाच्या नावाआधी माझ्या जातीचं नाव आहे, पुढं 'वाडा' जोडलेलं. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला, बँकेत, पहिल्या नोकरीत, सगळीकडं तो कागद माझ्याआधी बोलायचा. कुणी वाईट वागायचंच असं नाही. कागद वाचून नजर वर यायची, तेवढं अर्धं सेकंद.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ठरवलं की वस्त्यांची, रस्त्यांची जातीवरून पडलेली नावं काढायची. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. आमच्याकडं समतानगर झालं. कमान उभी राहिली. गटार तेच आहे, हेही सांगतो, 'मेन_नव्हे_मास्टर' यांचं ते म्हणणं मला पटतं. पण माझ्या पुतणीच्या दाखल्यावर समतानगर आहे. तिला ते अर्धं सेकंद माहीतच नाही.

आता ताईंच्या मुद्द्यावर येतो. आमच्याकडं पत्ता भरायच्या एका सरकारी सॉफ्टवेअरमध्ये यादी उघडली की काय दिसतं? 'समतानगर', आणि पुढं कंसात 'जुने नाव' म्हणून तोच शब्द. कुणीतरी प्रोग्रॅमरनं सोय म्हणून ठेवला असणार, जुने रेकॉर्ड जुळायला हवेत ना. मी पण तेच केलं असतं. पण कंस काढायची तारीख कुणी लिहिली नाही. इतकी वर्षं झाली, कंस आहे तसा आहे, आणि प्रिंट काढली की छापून येतो. जुनं नाव आत, डेटाबेसच्या पोटात राहू द्या. माणसाला दिसेल तिथं कशाला?

आणि हे सगळं अमेरिकेचंच असं नाही. अनेक ओपन सोर्स प्रकल्पांत वागणुकीच्या नियमांची जी फाइल असते, कॉन्ट्रिब्युटर कव्हनंट, तिच्या २०२१ च्या २.१ आवृत्तीत वंश, रंग यांच्या जोडीला 'कास्ट' हा शब्द आला. तिकडच्या फायलीत आपली गोष्ट गेली. तेव्हा त्यांची आपल्याकडं आली तर मला परकं वाटत नाही.

---

मेन_नव्हे_मास्टर

समतानगर, वाचलं. दोन दिवस वाया गेले त्याचं मी जास्तच धरून बसलोय, कबूल. कंपन्यांबद्दलचं मत मात्र कायम.

पॅनलवाले, पॅच टाकलात की कळवा, रिव्ह्यू करतो.

---

शिरोलीचा_पॅनलवाला

सगळ्यांचे आभार. रविवारी बसलो आणि काम केलं, ते सांगतो.

आधी मोजलं. आख्ख्या कोडमध्ये 'स्लेव्ह' १४३ वेळा. त्यातले शंभरेक नुसते आतले व्हेरिएबल, ते बदलायला अर्धा तास. गंमत अशी की मॉडबससाठी मी वापरतो त्या पायमॉडबस या तयार कोडच्या लायब्ररीत मीटरच्या नंबराला पूर्वी 'युनिट' म्हणायचे, ३.० मध्ये त्याचं 'स्लेव्ह' झालं आणि ३.१० मध्ये 'डिव्हाइस आयडी'. जग ज्या शब्दापासून लांब निघालं होतं त्याच्यापर्यंत ती जाऊन परत आली. मी मात्र 'स्लेव्ह'पाशीच आवृत्ती बांधून दोन वर्षं झोपलो होतो. आता 'डिव्हाइस आयडी' केलं, बांधलेली आवृत्तीही सोडवली.

क्लायंट-सर्व्हर घेतलं नाही. स्पेसिफिकेशनचा दुवा देताना एकदा तळटीप टाकली, बस्स.

मराठी शब्दासाठी सरळ मामेभावाच्या फौंड्रीत गेलो. आमचा वायरमन, वय साठीच्या आसपास, इंग्रजी मीटरपुरतं. त्याला म्हटलं, 'काका, हे स्लेव्ह आयडी जे असतंय, त्याला तुम्ही काय म्हणता?' तो कॉम्प्रेसरच्या पॅनलपुढं उकिडवा बसला होता, तोंडात टेस्टर. टेस्टर काढला आणि म्हणाला, 'कशाला? मीटर नंबर.' मग दाराच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथं माझ्या अक्षरात मार्करनं 'स्लेव्ह ०७' होतं, आणि त्याखाली त्यानं खडूनं लिहिलेलं, 'मीटर ७, हवा'. हवा म्हणजे कॉम्प्रेसर. शेजारच्या पॅनलवर 'मीटर ४, भट्टी'. पाच वर्षांत एकदाही त्यानं माझा शब्द वापरला नव्हता. मी तिथं पन्नास वेळा गेलो असेन, खडू कधी वाचला नाही.

तर मराठी मॅन्युअलमध्ये आता 'मीटर नंबर'. एकाच ठिकाणी, सेटिंगच्या पानावर, मीटरच्या स्क्रीनचा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'तुमच्या मीटरवर इथं स्लेव्ह आयडी किंवा ॲड्रेस असं दिसेल, तोच मीटर नंबर.' हे ठेवावंच लागलं, नाहीतर नवा माणूस मेनूत हरवेल. बाकी कुठंही कंस नाही.

ब्राझीलच्या बाईंना विचारलं, त्यांनीही 'मीटरचा नंबर' असंच पोर्तुगीजमध्ये केलं. जर्मन गड्यानं पॅचवर एकच शेरा मारला, की आकड्यांच्या सीएसव्हीच्या (एक्सेलमध्ये उघडते ती साधी फाइल) पहिल्या ओळीत जुनं नाव राहिलंय. आणि ताई, तिथंच तुमची आठवण झाली, कारण इचलकरंजीच्या लूमवाल्याचा मुलगा त्या सीएसव्हीवरून एक्सेलमध्ये बिल काढतो, रकान्याच्या नावानं शोधत असेल असं वाटलं! फोन केला. उचलला नाही. व्हॉट्सॲपवर फोटो टाकला तेव्हा उत्तर आलं, 'दादा, मी तिसरा कॉलम घेतो, नाव बघत नाही.' वाचलो. पण बाकीच्या दहांचं माहीत नाही, म्हणून सीएसव्हीचं नाव या आवृत्तीत बदललेलं नाही. पुढच्या आवृत्तीत दोन्ही रकाने येतील, त्याच्या पुढच्या आवृत्तीत जुना जाईल.

कॉन्फिगची जुनी किल्ली वाचणं ३१ मार्चला बंद. तारीख कोडमध्येच, त्या ओळीच्या वर लिहिली आहे, आणि त्या दिवसानंतर टेस्ट, म्हणजे कोड तपासणारा छोटा प्रोग्रॅम, मुद्दाम नापास होईल असं केलंय, म्हणजे मी विसरलो तरी ती आठवण करून देईल. समतानगर, हे तुमच्यामुळं.

पॅनलच्या दारांवरचं माझं मार्कर थिनरनं पुसायला घेतलं होतं. काका म्हणाले, राहू दे, रंग निघंल. त्यामुळं ते आहे तसंच.

एक मदत हवी. ज्यांच्याकडं २०२१ च्या आधीच्या आवृत्तीची कॉन्फिग फाइल असेल त्यांनी पाठवा, वायफायचा पासवर्ड काढून. माझ्याकडं तीनच आहेत, आणि तिन्ही माझ्याच हातच्या.